एकाच संघाचे दोन फोटो

बेळगावच्या शहापूर भागात माझ्या थोरल्या मामांचे घर होते. सोप्यावर चढले की समोरच्या भिंतीवर शेजारीशेजारी टांगलेले दोन फोटो दिसत. दोन्ही फुटबॉल संघाचे. मागे सहा जण उभे, पुढे पाच जण बाकावर, आणि मधल्याच्या पायांशी वादीने आवळलेला चामड्याचा चेंडू. पहिल्याखाली पांढऱ्या शाईने, इंग्रजीत, ‘बेळगाव, मुंबई राज्य, १९५५’ असे लिहिलेले. दुसऱ्याखाली ‘बेळगाव, म्हैसूर राज्य, १९५७’. अकरापैकी नऊ चेहरे तेच. माझा तर्क असा की चेंडूही तोच असावा.

मे महिन्यात आम्ही गोव्याहून आजोळी जात असू. एकदा मी मामांना विचारले, ‘‘मामा, तुम्ही म्हैसूरला कधी खेळायला गेला होता?’’ मामा सुपारी कातरत होते. म्हणाले, ‘‘आम्ही कुठं जातोय रे? राज्यच आलं की आमच्या दारात.’’

त्या वेळी मला हा विनोद वाटला होता. पुढे कळले की मामांनी निव्वळ वस्तुस्थिती सांगितली होती. शहापूर हे मूळचे सांगली संस्थानातले. मामांचा जन्म सांगलीकरांच्या राज्यात झाला, संस्थान विलीन झाल्यावर ते मुंबई राज्यात आले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेले आणि १९७३ साली कर्नाटकात. घराचा उंबरठा मात्र त्यांनी कधी बदलला नाही. चार राज्ये आणि एक सोपा. अशा माणसाचा फुटबॉल संघ नेमका कुठला म्हणायचा, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत आला आहे. त्याचे उत्तर शोधताना मी भलत्याच ठिकाणी जाऊन पोचलो. इटलीत.

पण आधी बेळगाव. बेळगावात फुटबॉल आला तो छावणीतून. इंग्रजांच्या पलटणी कॅम्पात मुक्कामाला असत, संध्याकाळी गोरे सोजीर मैदानात चेंडू लाथाडत आणि कुंपणाबाहेर गावची पोरे उभी राहत. १९२२ पासून मराठा लाईट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात आहे, त्यामुळे गोरे गेले तरी पलटणीचा खेळ राहिला. दुसरी वाट शाळेची. कॅम्पातली सेंट पॉल्स ही जेझुइट पाद्र्यांची जुनी शाळा, १८५६ सालची. तिच्या माजी विद्यार्थ्यांची संघटना भरवते ती फादर एडी यांच्या स्मरणार्थ शालेय स्पर्धा. बेळगावच्या कित्येक पिढ्यांनी पहिले बूट तिच्यासाठी घातले. कॅम्पातून आणि शाळेतून खेळ मग टिळकवाडीत, शहापुरात, गल्लीबोळांत उतरला. मामांच्या फोटोतल्या अकरा जणांत मराठी होते, कानडी होते, एक ख्रिस्ती कोकणी होता आणि गोलकीपर घरी उर्दू बोलणारा. मैदानावर शिव्या मात्र सर्वांच्या मराठीत, असे मामा अभिमानाने सांगत.

इटलीची गोष्ट फार वेगळी नाही. तिथेही खेळ आणला तो इंग्रजांनीच, फक्त सैनिकांऐवजी व्यापाऱ्यांनी आणि खलाशांनी. जेनोआ बंदरातल्या इंग्रजांनी १८९३ साली क्लब काढला, त्याच्या नावात क्रिकेट आधी आणि फुटबॉल नंतर. १८९७ साली तुरीनमधल्या शाळकरी मुलांनी युव्हेंटस काढला. १८९८ च्या ८ मे रोजी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. संघ चार, त्यांतले तीन एकट्या तुरीनचे, आणि सगळी स्पर्धा एका दिवसात आटोपली. जेनोआ जिंकले. आपल्याकडच्या गणेशोत्सवातल्या स्पर्धेसारखाच हा प्रकार! १९२९ साली सगळ्या देशाची मिळून एकच साखळी सुरू झाली, तीच आजची ‘सेरी आ’. तिच्याखाली ‘सेरी बी’, त्याखाली ‘सेरी चि’, आणि त्याही खाली गावोगावच्या साखळ्या. वर्षाअखेर तळाचे संघ खाली उतरतात, खालचे जिंकलेले वर चढतात. ही शिडी लक्षात ठेवा, तिच्याकडे मी परत येणार आहे.

इटालियन माणसाला क्लब म्हणजे काय, हे समजायला त्यांच्या भाषेत एक शब्द आहे, ‘कम्पानिलिस्मो’. कम्पानिले म्हणजे चर्चचा घंटामनोरा. आपल्या मनोऱ्याची घंटा ऐकू येते तिथवर आपला मुलूख, पलीकडचे सगळे परके, अशी ही वृत्ती. हा शब्द वाचला आणि मला कोल्हापूर आठवले. कोल्हापुरात घंटामनोऱ्याच्या जागी तालीम आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, संध्यामठ, जुना बुधवार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. जगात इतरत्र फुटबॉलचे संघ कारखान्यांतून, शाळांतून, बंदरांतून निघाले. कोल्हापुरात ते कुस्तीच्या लाल मातीतून निघाले. आत मारुती, हौदात माती, आणि भिंतीवर फुटबॉलच्या ढाली. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली आणि पेठांची ही चुरस साखळी स्पर्धेच्या चौकटीत आली. शाहू स्टेडियमवर दोन नामांकित तालमींचा सामना असला की भर उन्हात पेठा ओस पडतात. कधी सामन्यानंतर दगडही पडतात, हेही लपवून ठेवण्यात अर्थ नाही. रोम आणि लाझिओ, जेनोआ आणि साम्पदोरिया यांच्या सामन्यांना जे होते तेच इथे होते.

आता कोल्हापूर आणि बेळगाव यांच्या मधोमध, किंवा खरे तर कोल्हापूरच्याच उंबऱ्यावर, निपाणी आहे. तंबाखूची पेठ. कोल्हापूर इथून जेमतेम चाळीस किलोमीटर, बेळगाव त्याच्या दुप्पट. बेळगावकडून जाताना तवंदी घाट ओलांडला की निपाणी लागते, आणि निपाणी संपते ना संपते तोच कोगनोळीचा नाका आणि महाराष्ट्र. निपाणीच्या माणसाचा बाजार, सोयरीक, दवाखाना आणि फुटबॉल, सारे कोल्हापूरशी बांधलेले. इथली एक गंमत बाहेरच्यांना खरी वाटत नाही. निपाणीचे म्हणून ओळखले जाणारे देवचंद कॉलेज अर्जुननगरात आहे, आणि अर्जुननगर महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. म्हणजे निपाणीचा मुलगा सकाळी घरातून निघतो तो कर्नाटकात असतो आणि पहिल्या तासाला बसतो तो महाराष्ट्रात. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात तो कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे मोजला जातो आणि घरच्या पत्त्यावर कर्नाटकाकडे. चेंडू त्याच्या पायात एकच असतो.

हे सगळे डोक्यात घोळत असताना मला त्रिएस्ते सापडले.

त्रिएस्ते हे इटलीच्या ईशान्य टोकाचे बंदर. पहिल्या महायुद्धापर्यंत ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, नंतर इटलीत आले. शहरात बोली इटालियन, भोवतालच्या खेड्यांत स्लोव्हेन. मुसोलिनीच्या राजवटीत सगळ्या गोष्टी इटालियन करण्याची लाट आली. माणसांची आडनावे बदलली, क्लबांचीही बदलली. मिलानच्या ‘इंतरनात्सिओनाले’ला १९२८ साली ‘अम्ब्रोसियाना’ व्हावे लागले, कारण आंतरराष्ट्रीय हा शब्दच नको होता. दुसरे महायुद्ध संपले आणि त्रिएस्तेवर इटली आणि युगोस्लाव्हिया या दोघांनी हक्क सांगितला. तोडगा म्हणून १९४७ साली शहर आणि त्याचा परिसर स्वतंत्र प्रदेश ठरला. त्याचे दोन भाग पाडले, शहराकडच्या भागावर इंग्रज-अमेरिकनांचा अंमल आणि दुसऱ्यावर युगोस्लाव्हियाचा.

अशा अधांतरी शहरातल्या फुटबॉल संघाचे काय झाले असेल? त्रिएस्तिना हा तिथला मोठा क्लब, १९२९ च्या पहिल्या सेरी आपासूनचा. १९४६-४७ च्या हंगामात त्याला आपल्याच गावात खेळता येईना. घरचे सामने उडिने या शेजारच्या शहरात. स्वतःचे मैदान नाही, स्वतःचे प्रेक्षक नाहीत. संघ वीस संघांत विसावा आला. नियमाप्रमाणे खाली उतरायला हवा होता. पण इटलीच्या फुटबॉल संघटनेने त्याला उतरू दिले नाही. त्रिएस्ते खाली गेले तर शहरावरचा आपला हक्कच सैल झाला असे जगाला वाटेल, म्हणून पुढच्या वर्षी चक्क एकवीस संघांची सेरी आ खेळवली! आणि त्या पुढच्या वर्षी काय झाले? नेरेओ रोक्को नावाच्या त्रिएस्तेच्याच माणसाने संघ हाती घेतला आणि तळाचा संघ मिलान आणि युव्हेंटस यांच्या बरोबरीने दुसऱ्या क्रमांकावर आणून ठेवला. पुढे हाच रोक्को मिलानला युरोपचा करंडक जिंकून देणार होता.

गोष्ट एवढ्यावर संपत नाही. त्याच शहरातल्या कामगार वस्तीतला दुसरा क्लब पोन्झियाना. टिटोच्या सरकारने त्याच्या खेळाडूंना पैसे दिले आणि ‘अमातोरी पोन्झियाना’ या नावाने तो संघ युगोस्लाव्हियाच्या पहिल्या साखळीत उतरवला. १९४६ ते १९४९ असे तीन हंगाम तो बेलग्रेड-झाग्रेबच्या संघांशी खेळला. म्हणजे एकाच शहराचे दोन संघ, दोन देशांच्या सर्वोच्च साखळ्यांत. नकाशावर जे भांडण मिटत नव्हते ते दोन्ही बाजूंनी गुणतक्त्यावर मांडले. १९५४ च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये करार झाला, शहर इटलीला मिळाले आणि फुटबॉलने आपले काम संपवले.

हे वाचताना मला भिंतीवरचे दोन फोटो दिसत होते. १९५४ मध्ये त्रिएस्तेचा निकाल लागला, १९५६ मध्ये बेळगावचा. त्रिएस्तेला एका हद्दीत ओढण्यासाठी दोन देश त्याच्या संघाला हाताला धरून आपापल्या साखळीत बसवत होते. मामांच्या संघाला कोणी धरले नाही. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत त्यांची वाट मुंबईकडे जात होती, दुसऱ्या दिवसापासून ती बंगळूरकडे वळली. अंतर तेवढेच, दोन्हीकडे पाचशे किलोमीटरच्या आसपास. म्हैसूर काही फुटबॉलमध्ये दुबळे राज्य नव्हते, त्या राज्याने चार वेळा संतोष करंडक जिंकला आहे. पण तिथे बेळगावच्या पोरांना कोणी ओळखत नव्हते आणि मुंबईने ओळख ठेवण्याचे कारण उरले नव्हते. मामांच्या संघातले दोघे पलटणीत गेले, बाकीचे दुकानांत आणि कचेऱ्यांत. तिसरा फोटो निघाला नाही.

पुढच्या पिढीत माझ्या मामेभावाच्या वाट्याला हेच आले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. डाव्या बगलेवरून तो असा काही सुटायचा की लेले मैदानावरचे लोक त्याच्यासाठी जागा बदलून त्या बाजूला बसत. त्याने एका निवड चाचणीला जायचे ठरवले. तिथे सांगण्यात आले की तुझ्या भागाकडून पत्र आण. भागाच्या माणसांनी सांगितले की पत्र वरून येते. पत्र आले नाही. मग तो गोव्यात आमच्या घरी राहायला आला. एका क्लबच्या प्रशिक्षकाला आवडलाही. पण राज्याबाहेरच्या खेळाडूची नोंद व्हायची तर बेळगावकडचा ना हरकत दाखला हवा, आणि तो कोणी द्यायचा यावर हंगाम संपला. तोपर्यंत उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत त्याला नोकरी लागली. मी कोणाला दोष देत नाही. प्रत्येक टेबलावरचा माणूस आपापल्या कागदाप्रमाणे बरोबरच होता. तीन दारे होती, कोल्हापूर-मुंबईचे, बंगळूरचे आणि गोव्याचे, आणि तिन्ही दारांवर त्याला विचारले गेले, तू शेजारच्या दाराचा ना?

इथे मला माझ्याविषयी एक कबुली द्यायला हवी. आमच्या घरात मराठी ही देवघराची आणि पुस्तकांची भाषा. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला तेव्हा माझ्या वडिलांनी फुलावर शिक्का मारला, म्हणजे महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने. दोन पाने जिंकली, सुमारे ३४ हजार मतांच्या फरकाने. वडिलांना ते लागले होते. पण फुटबॉलपुरते पाहायचे तर त्या दोन पानांनी आम्हाला आमचे स्वतःचे दार दिले. गोव्याची फुटबॉल संघटना १९५९ पासूनची. गोवा वेगळा राहिला म्हणून ती कोणाची जिल्हा शाखा झाली नाही. साळगावकर, धेंपे, सेझा हे क्लब खाणवाल्यांच्या पैशावर उभे राहिले, जसे युव्हेंटस १९२३ पासून फियाटवाल्या आन्येल्ली घराण्यावर उभे आहे. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सहा वर्षे आय-लीगचे विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. गोवा ताज्या विलीनीकरणानंतर काही तालुक्यांचा कोपरा म्हणून मुंबईच्या दारात उभा असता, तर हे झाले असते का? मला शंका आहे. आणि वडिलांच्या हयातीत ही शंका मी कधी बोलून दाखवली नाही.

त्याच १९६७ साली, ऑगस्टात, महाजन आयोगाचा अहवाल आला. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर नेमलेला हा आयोग. त्याने बेळगाव म्हैसूरकडे ठेवले आणि निपाणी, खानापूर यांच्यासह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे सुचवले. महाराष्ट्राला बेळगावचा निर्णय मान्य नव्हता. अहवाल अमलात आला नाही. आम्हाला विचारले गेले, आम्ही दोन मते दिली आणि भांडणानंतर जेवायला एकत्र बसलो. सीमाभागाला मतपत्रिका मिळाली नाही, अहवाल मिळाला, आणि तोही कपाटात गेला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१२ साली बेळगावात सुवर्ण विधानसौध उभे राहिले, २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. त्रिएस्तेला शेवटच्या क्रमांकावर असूनही सेरी आत ठेवण्यामागे जो विचार होता, तोच विधानसौधामागे आहे. हक्क दाखवायला काहीतरी ठळक उभे करावे लागते. फरक एवढाच की त्रिएस्तेत त्या हक्काचा लाभ अकरा खेळाडूंना झाला.

आता त्या शिडीकडे येतो. इटलीत वेरोना शहराच्या कडेला किएवो नावाची वस्ती आहे, लोकसंख्या अवघी काही हजार. कोल्हापूरची एखादी पेठच समजा. त्या पेठेचा संघ एकेक पायरी चढत २००१ साली सेरी आत पोचला आणि पहिल्याच वर्षी पाचवा आला. २०२१ साली पैशाच्या घोळात तो बाहेर फेकला गेला, ते वेगळे. पण पेठेला वर जाण्याची वाट होती. सीमेवरच्या बोल्झानोत तर ‘स्युडटिरोल’ नावाचा क्लब आहे. गावात बहुतेक लोक इटालियन बोलतात, बाकीचे जर्मन, क्लब दोन्ही भाषा चालवतो, आणि २०२२ साली तो सेरी बीत चढला. शिडीला भाषा विचारावी लागली नाही.

आपल्याकडे शिडीच तोकडी आहे. पाटाकडील किंवा दिलबहारकडे पेठ आहे, हजारो प्रेक्षक आहेत, त्यांच्यासाठी आफ्रिकेतून खेळाडूही येऊन गेले. पण साखळी जिंकून तालीम पोचते ती परत शाहू स्टेडियमवरच, पुढच्या वर्षीच्या साखळीत. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याला वर जाण्यासाठी लहानपणीच कोल्हापूर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावे लागले. मुलगा वर जाऊ शकतो, तालीम जाऊ शकत नाही. आणि आम्ही गोवेकरांनी फुशारकी मारू नये. वरच्या साखळीची रचना बदलली तेव्हा २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. कोल्हापूरच्या माणसाला शिडी नाही म्हणजे काय, हे तेव्हा पणजीतही कळले.

मामा जाऊन आता बरीच वर्षे झाली. घर विकले गेले तेव्हा फोटो मामेभावाने उचलले. गेल्या हिवाळ्यात मी त्याच्यासोबत निपाणीला एका लग्नाला गेलो होतो. फाउंड्रीतून तो निवृत्त झाला आहे, डावा गुडघा कुरकुरतो. लग्नाच्या हॉलबाहेर चहाच्या गाड्यावर उभे असताना एक पोरगा मोटारसायकल लावून आत गेला. अंगात एसी मिलानची लाल-काळी जर्सी. गाडीची नंबरपाटी केए २३, म्हणजे चिकोडीची, आणि तिच्या वर मोठ्या मराठी अक्षरांत कोल्हापूरच्या एका तालमीचे नाव.

मामेभाऊ त्या पाटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘हे पोरगं कुठल्या राज्याचं, सांग बघू.’’

मी काही बोललो नाही. चहाचे पैसे त्यानेच दिले.